एलिदेची कूज

पालेभाजीवरचा रोग वेळेवर ओळखणं हे सुसंस्कृत समाजाचं पहिलं लक्षण आहे, आणि ज्या समाजाला आपल्या भाजीचा रोग ओळखता येत नाही त्याला स्वतःचाही ओळखता येत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या गावातल्या पालेभाजी आरोग्य कार्यालयाच्या दारावर ते संगमरवरात कोरलेलं होतं. (संगमरवर थोडा कमी पडला. त्यामुळे 'त्याला' या शब्दानंतरचा भाग चौकटीवर रंगाने लिहावा लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात तो पुसला गेला. पुढे कित्येक वर्षं ते वाक्य 'त्याला' इथेच थांबत असे आणि गावकरी आपापल्या मनाप्रमाणे ते पूर्ण करत.)

मी लहान होते तेव्हा सीले नदीकाठच्या आमच्या गावात कार्यालय नव्हतं. रोग मात्र होते, आणि चांगले घरचे होते. पानांवर पिठी सांडल्यासारखी भुरी यायची. पानं पिवळी पडली आणि खाली पांढरट लव दिसली की केवडा. गंजाचे ठिपके म्हणजे तांबेरा. सकाळी उभं असलेलं रोप जेवणाच्या वेळी आडवं दिसलं की मर. आईला या सगळ्यांची नावं पाठ होती, जशी नातेवाइकांची असतात, आणि साधारण तेवढ्याच प्रेमाने ती ती घ्यायची. व्यवस्थापनाच्या पद्धती तीन होत्या: उपटणं, डुकराला घालणं आणि शेजारणीला कळू न देणं. तिसरी सर्वांत गुणकारी. शेजारणीला कळलं नाही की निम्मा रोग तिथेच बरा व्हायचा. भुरी आली की आई म्हणायची, "पाहुणी आहे, कडक थंडी पडली की जाईल." आणि ती जायची. हल्लीची भुरी जात नाही. तिच्याशी बोलणारं कुणी उरलेलं नाही.

पण आमच्या गावाचा खरा मान होता तो हिवाळी रादिक्योचा. ही आमची लाल पालेभाजी. शेतात असते तेव्हा ती कुणी ढुंकूनही बघणार नाही अशी दिसते: हिरवट, राठ, जमिनीवर पसरलेली. दोनदा दव गोठलं की तिला मुळासकट उपटायचं, जुड्या बांधायच्या आणि अंधाऱ्या गोठ्यातल्या हौदात उभ्या करायच्या. हौदातून झऱ्याचं पाणी वाहतं. बाहेर पाणी गोठलं तरी झऱ्याचं पाणी तेवढंच कोमट राहतं. दोन-तीन आठवड्यांत बाहेरची पानं कुजतात, चांगली बुळबुळीत होतात, वास सुटतो. आणि त्या घाणीच्या आत, अंधारात, नवा गाभा वाढतो. पांढरीशुभ्र शीर, द्राक्षाच्या दारूसारखा लाल पापुद्रा, आणि आत वळलेली टोकं, मुठीतल्या बोटांसारखी. कुजकी पानं ओरबाडायची, मूळ तासायचं, की झाला तयार. संध्याकाळी आम्ही सगळ्या बायका गाईंच्या उबेला बसून हे तासायचं काम करत असू. हातांना महिनाभर वास राहायचा. लग्न ठरवायला आलेली माणसं मुलीचे हात हुंगायची, आणि वास आला तर होकार द्यायची. आता त्याच हातांना काय काय लावतात.

या पद्धतीला आमच्या बोलीत एकच शब्द आहे: कुजवणं. "तुझं कुजलं का?" "छान कुजलंय, तुझं?" डिसेंबरात दोन बायका रस्त्यात भेटल्या की असंच बोलायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आता कार्यालयाविषयी. ते का उघडलं हे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही, म्हणजे ते आवश्यकच असणार. इमारत देखणी होती. प्रमुख म्हणून डॉक्टर तुल्लियो ब्रेस्सान आले. (आमच्याकडे शेतकी शिकलेल्यालाही डॉक्टरच म्हणतात, त्यामुळे माणूस आजारी पडला की पहिली काही मिनिटं घोटाळ्यात जातात.) ते दूर दक्षिणेतले, जिथे भाजी उन्हात येते आणि उन्हातच संपते. सभ्य माणूस. बोलताना टोपी काढायचे. रादिक्यो त्यांनी आजवर फक्त ताटात पाहिला होता.

पहिले आठ महिने कार्यालयाकडे एकही तक्रार आली नाही. तिसऱ्या पद्धतीत आम्ही फारच तरबेज होतो. डॉक्टरांच्या तिमाही अहवालात 'आढळलेले रोग' या रकान्यात शून्य पडलं, आणि शून्य पाहून वरच्यांनी विचारणा केली की मग कार्यालय कशासाठी आहे. तेव्हा डॉक्टरांनी निरोगी भाजी कशी असते हे लोकांना कळावं म्हणून इमारतीमागे एक आदर्श हौद खोदला आणि त्यात आदर्श रोपं लावली. हौदाला पाणी हवं. ते त्यांनी जवळच्या झऱ्यातून घेतलं.

तो झरा एलिदेच्या गोठ्याकडे जाणारा होता.

एलिदे माझी शेजारीण. नवरा ओत्तोरिनो वारलेला, मुलं शहरात, आणि तिच्याकडे जे काही होतं ते म्हणजे त्या हौदातल्या जुड्या आणि जत्रेतला पहिला बाक. नाताळच्या आधीच्या रविवारी देवळासमोरच्या कमानींखाली रादिक्योची जत्रा भरते. घंटाघराजवळचा पहिला बाक ओत्तोरिनोच्या घराण्याचा. प्रार्थना संपवून बाहेर पडणाऱ्यांची नजर आधी तिथेच पडते. रिवाज एवढाच, की प्रार्थना संपल्याची घंटा व्हायच्या आत बाकावर जत्रेच्या नियमात बसणारा माल मांडलेला पाहिजे. एक वर्ष चुकलं की बाक दुसऱ्या बाकावरच्या घराला जातो, कायमचा. दुसऱ्या बाकावर होती नोर्मा, ओत्तोरिनोची सख्खी बहीण. बाक आपल्या बापाचा, आणि त्यावर बसते बाहेरून आलेली भावजय, हे तिने वीसेक वर्षं सहन केलं होतं. म्हणजे दर रविवारी देवळात मोठ्याने बोलून दाखवत सहन केलं होतं.

त्या वर्षी एलिदेच्या हौदात पाण्याची धार करंगळीएवढी झाली. बारीक धार लगेच गार पडते. गार पाण्यात पानं कुजत नाहीत आणि कुजल्याशिवाय गाभा वाढत नाही. तिने आठ दिवस वाट पाहिली, मग कार्यालयाला फोन केला. फोनवर मिरेल्ला नावाची मुलगी होती, नवीन, अतिशय मनापासून काम करणारी. हा संवाद मी स्वतः ऐकला, कारण एलिदेच्या घरी फोन नव्हता आणि ती माझ्या स्वयंपाकघरातून बोलत होती.

"अगं बाई, माझी पानं कुजत नाहीयेत."

"कुजतायत. बरं. कधीपासून?"

"नाही कुजत! तेच सांगतेय ना. सगळ्या गावाची कशी छान कुजलीत. माझ्या नणंदेची तर नुसत्या बोटाने सुटतात, सटवीची!"

"म्हणजे शेजारीही पसरलंय. आणि तुमची किती टक्के?"

"टक्के कसले? जत्रेच्या आत कुजली नाहीत तर माझं वाटोळं होईल, लिहून घे."

मिरेल्लाने लिहून घेतलं. फॉर्मवर 'कुजत नाहीत' असा पर्याय नव्हता. (तो नसणं योग्यच होतं. ज्याला रोग नाही असा माणूस रोगाच्या कार्यालयाला फोन कशाला करेल?) त्यामुळे नोंद अशी झाली: 'पानकूज, तीव्र. शेजारी फैलाव. जत्रेपर्यंत संपूर्ण वाटोळं संभवतं.'

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले. एलिदे झऱ्याचं तोंड साफ करायला गेली होती, दाराला कडी. त्यांनी शेजारचं दार ठोठावलं. ते नोर्माचं. नोर्माने अभिमानाने गोठा उघडला.

त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या शब्दांत देते, कारण पुढे त्याचा फलक होऊन चौकात लागला. रोगाची लक्षणं: पानातला हिरवा रंग जाणं, शीर पांढरी पडणं, पानांची टोकं आत वळणं, बाहेरचे थर बुळबुळीत होऊन दुर्गंधी येणं, आणि अंधारातही रोपाची वाढ चालू राहणं, जे निसर्गनियमाला धरून नाही. एकाच रोपात पाच लक्षणं! डॉक्टरांनी टोपी काढली ती बराच वेळ परत घातली नाही.

"सिन्योरा, हे असं कधीपासून आहे?"

"आजोबांपासून," नोर्मा म्हणाली.

"आनुवंशिक," असं पुटपुटत त्यांनी नोंद केली. "आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांच्या घरी आहे. उलट माझं जरा जास्त चांगलं आहे."

रोगाला पहिल्या तक्रारदाराचं नाव द्यायची पद्धत आहे. त्यामुळे त्याचं नाव पडलं 'एलिदेची कूज'. हे कळल्यावर नोर्मा तरातरा माझ्याकडे आली. "गोठा माझा, हौद माझा, वास माझा, आणि नाव तिचं? भावाचं घर तिला, बाक तिला, आता कूज पण तिलाच!" मी म्हटलं, अगं, रोग आहे तो. तर म्हणते, "असला म्हणून काय झालं? फलकावर आहे ना!"

आता आम्ही गावकऱ्यांनी डॉक्टरांना खरं का नाही सांगितलं, असं तुम्ही विचाराल. सांगणार होतो. पाद्रीबाबांनी तर टोपीही घातली होती. पण तेवढ्यात उपचाराचा आदेश आला आणि सगळा प्रश्न मिटला. डॉक्टरांनी कुठल्याही अनोळखी पानकुजीवर लागू पडणारे सर्वसाधारण उपाय घालून दिले होते. एक, रोगट रोपं निरोगी रोपांपासून दूर, बंद व अंधाऱ्या जागी ठेवावीत. दोन, ती स्वच्छ वाहत्या पाण्यात उभी करावीत आणि लक्षणं पूर्ण दिसेपर्यंत हलवू नयेत. तीन, नंतर बाधित पानं हाताने काढून टाकावीत व मूळ तासावं. आदेश चौकात मोठ्याने वाचला गेला. वाचून झाल्यावर पाद्रीबाबांनी टोपी काढून ठेवली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सह्या कुठे करायच्या?"

इतका मनापासून पाळला गेलेला सरकारी आदेश आमच्या भागात त्याआधी झाला नाही आणि नंतरही नाही. आकडेच बोलतात. पहिल्या आठवड्यात रोगाचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के. दुसऱ्या आठवड्यात बरं होण्याचं प्रमाणही अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेले दोन टक्के एलिदे. वरून अभिनंदनाची तार आली. आदर्श हौदातली निरोगी रोपंही दरम्यान चांगली जोरात कुजली, गावात सर्वांत सुंदर. (कोमट पाणी भरपूर मिळाल्यावर ती दुसरं काय करणार?) डॉक्टरांनी दोन दिवस त्यांच्यावर चादर टाकून ठेवली आणि मग त्यांनाही बरं केलं.

बऱ्या झालेल्या रादिक्योच्या प्रत्येक पेटीला शिक्का मिळू लागला: गोल हिरवा कागद, त्यावर हसणारं पान आणि खाली 'उपचारित'. जत्रेत फक्त शिक्क्याचा माल विकायचा, असा नियम झाला. नियमात चूक काढायला जागाच नव्हती. शिक्का बऱ्या झालेल्याला मिळतो, बरं व्हायला आधी आजारी पडावं लागतं. आणि जे आजारीच पडलं नाही त्याच्याविषयी कार्यालयाने काय खात्री द्यावी? ते उद्या आजारी पडू शकतं.

अशा रीतीने आख्ख्या गावात जिच्याकडे एलिदेची कूज नव्हती ती एकटी एलिदे उरली.

जत्रेच्या आदल्या शुक्रवारी ती डॉक्टरांकडे गेली. मीही गेले सोबत, कारण ती चिडली की तिला पायऱ्या दिसत नाहीत.

"डॉक्टर, तुमच्या हौदाचं पाणी दोन दिवस माझ्याकडे सोडा. एवढंच मागते."

डॉक्टर अवघडले. "सिन्योरा, तो हौद आता संशोधनाचा आहे. एलिदेच्या कुजीवरचं संशोधन."

"एलिदे मी आहे!"

"होय. विज्ञान तुमचं ऋणी आहे."

"मग माझ्या जुड्यांना शिक्का द्या."

त्यांनी तिच्यासोबत येऊन गोठा पाहिला. वाकून, भिंगातून, प्रत्येक जुडी पाहिली. पानं टणक होती, हिरवट, वास मातीचा. डॉक्टरांना खरोखर वाईट वाटलं. ते म्हणाले, "मी काही करू शकत नाही. यांना काहीही झालेलं नाही." घरचं माणूस गेल्यावर सांगतात ना, त्या आवाजात म्हणाले.

त्या रात्री एलिदे जेवली नाही. शनिवारी तिने सगळ्या जुड्या हौदातून काढून तासल्या, जशा होत्या तशा, आणि ओत्तोरिनोच्या फोटोकडे बघायचं टाळत पेट्या भरल्या. रविवारी पहाटे आम्ही दोघींनी त्या बाकावर मांडल्या. समोरून बघणाऱ्याला शेतातून आणलेलं गवत वाटलं असतं. नियमाप्रमाणे शिक्का नसलेल्या पेटीवर कारण लिहिणं आवश्यक होतं, म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक पेटीवर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली: 'निरोगी. विक्रीस अपात्र.' मग ते हात चोळत बाजूला उभे राहिले. घंटा व्हायच्या आत चिठ्ठी निघून शिक्का लागला नाही, तर बाक नोर्माचा.

शहरातली माणसं लवकर आलेली होती. ती यायची, चिठ्ठी वाचायची आणि दोन पावलं मागे सरायची.

"निरोगी म्हणजे?" एका बाईने नवऱ्याला विचारलं.

"काहीतरी लपवत असतील," तो म्हणाला. "चल, पुढे उपचारित आहे."

दुसऱ्या बाकावर नोर्मा बसलेली. समोर शिक्के मारलेल्या पेट्या, पायाशी बादली, त्यात सकाळी ओरबाडलेली कुजकी पानं. रांग तिच्यासमोर. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मग उठली, बादली उचलली आणि सरळ आमच्या बाकाशी आली.

"वहिनी, काय गं हे? गाईला आणलंस की माणसांना?"

"बघ, बघ. पोटभर बघून घे. पुढच्या वर्षापासून इथे तूच बसायची आहेस."

"बसेन तर. आणि तू कुठे असशील?"

"घरी."

"घरी?" नोर्माचा चेहरा उतरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "मग काय उपयोग? मी इथे बसलेय आणि तू तिथे माझ्याकडे बघत जळतेयस, असा बाक हवाय मला. तू घरी, आणि मी इथे एकटी थंडीत? वीस वर्षं काय यासाठी बोलले?"

आणि तिने बादलीत हात घातला. कोपरापर्यंत. बुळबुळीत, काळपट, वास मारणाऱ्या पानांचा ओंजळभर गोळा काढला आणि एलिदेच्या पहिल्या पेटीवर थापला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. माखून झाल्यावर हात एप्रनला पुसून तिने हाक मारली, "डॉक्टर! या इकडे. माझ्या वहिनीला लागण झालीय!"

डॉक्टर धावत आले. वाकले. भिंग काढलं. बाहेरचे थर बुळबुळीत, दुर्गंधी स्पष्ट, हिरवा रंग दिसेनासा. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी परत कधी पाहिलं नाही. "तीव्र," ते म्हणाले. "अत्यंत तीव्र. सिन्योरा, उपचार ताबडतोब!"

देवळासमोरच्या कारंज्याला बारमाही वाहतं पाणी आहे. आम्ही तिघींनी पेट्या तिथे बुडवल्या, वर एलिदेचा कोट टाकून अंधार केला आणि बाधित पानं हाताने काढली. तीनही कलमं पाळली गेली. एलिदे हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं, नाकाचं पाणी कारंज्यात. नोर्मा म्हणत होती, "नीट घास! पुढच्या वर्षी मी हरवणार तुला, पण तोवर माझ्या बापाच्या बाकावर घाण दिसायला नको." डॉक्टरांनी प्रत्येक पेटीवरची चिठ्ठी काढून तिथे हसणारं पान चिकटवलं. शेवटचा शिक्का बसला आणि वर घंटा सुरू झाली. त्या दिवशीच्या नोंदीप्रमाणे जगातलं सर्वांत जलद बरं झालेलं पीक ते.

माणसं देवळातून बाहेर पडली आणि पहिल्या बाकासमोर रांग लागली. दुपारचं जेवण व्हायच्या आत एलिदेकडे एक पान उरलं नाही. मघाची ती शहरातली जोडी परत आली होती, त्यांनी दोन पेट्या नेल्या. जाताना नवरा बायकोला म्हणाला, "बघ, हा खरा. शिक्का अजून ओला आहे."

त्या वर्षीच्या अहवालात बरं होण्याचं प्रमाण शंभर टक्के लिहिलं गेलं. डॉक्टरांना बढती मिळून ते मोठ्या शहरात गेले. कार्यालय आजही आहे आणि त्याने पुढे आणखी बरेच रोग शोधले. त्यांतले काही तर पिकांवर यायच्याही आधी.

ही हकिगत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली. ऐकणारे सगळे हसतात, तुम्हीही हसला असाल, आणि हसून झाल्यावर प्रत्येक जण मान हलवत एकच प्रश्न विचारतो: मग तो शिक्का खरा म्हणायचा की खोटा? तुमच्याही ओठांवर तोच आला होता, मला दिसलं. इतक्या वर्षांत मला एकही माणूस असा भेटलेला नाही ज्याने विचारलं, की आजी, ती भाजी लागत कशी होती?